मक्यातली ऊर्जा नेमकी कुणाची?

मागच्या खेपेला आपण तापमापकाबद्दल बोललो होतो. गरम-गार ही आपली जाणीव आणि पाऱ्याची उंची यांची गाठ माणसाने कशी मारली, ते आपण पाहिलं. आज मोजमापाच्याच रस्त्यावरचा पुढचा मुक्काम आहे, पण गाव जरा अनपेक्षित आहे. विषय वाचून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, ‘सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता कोंबडीखाद्यावर बोलणार?’ शंका रास्त आहे. म्हणून विषय आमच्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गावी दोन हजार पक्ष्यांची शेड टाकली. एम. ए. ला न्यायदर्शन घेतलेला मुलगा, नोकरी मिळाली नाही, सोसायटीचं कर्ज काढून ब्रॉयलर सुरू केले. पोल्ट्रीत साधारण दोन-तृतीयांश खर्च एकट्या खाद्याचा असतो, तेव्हा यानं ठरवलं की खाद्य स्वतःच मिसळायचं. पुस्तकातला तक्ता घेतला, मका, सोयापेंड, राईस पॉलिश म्हणजे भाताचा कोंडा, आणि स्वस्तात मिळाली म्हणून जनावराची चरबी. हिशेब असा की किलोमागे ३००० किलोकॅलरी. सातव्या दिवशी पिल्लं तोलली तर अपेक्षेपेक्षा चांगलीच हलकी. त्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, ‘सर, तक्ता बरोबर आहे, बेरीज तीन वेळा तपासली. मग ऊर्जा गेली कुठे?’

आता हा प्रश्न कोंबडीचा आहे की तत्त्वज्ञानाचा, हे तुम्हीच ठरवा. आम्ही पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका स्नेह्यांना गाठलं, चार पुस्तकं वाचली, आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

सुरुवात ‘ऊर्जा’ या शब्दापासून करू. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वास घेणं हे एक मंद जळणं आहे, हा विचार तिथून पक्का झाला. मग पुढचं पाऊल सोपं वाटतं. अन्न म्हणजे सरपण, तर सरपण जाळून बघा. त्यासाठी एक जाड पोलादी भांडं असतं, त्याला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. आत प्राणवायू भरायचा, नमुना पेटवायचा, भोवतालचं पाणी किती तापलं ते बघायचं. झाली ऊर्जा मोजून.

पण या बॉम्बला विचारलं तर तो काय सांगतो? स्टार्चच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४.२ किलोकॅलरी. आणि सेल्युलोजच्या, म्हणजे लाकडाच्या भुशात किंवा कडब्यात जे मुख्यतः असतं त्याच्या एका ग्रॅममध्येही तेवढीच. बॉम्बच्या लेखी मक्याचं पीठ आणि सुताराच्या दुकानातला भुसा जवळपास सारखेच! दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त कड्या जोडायची तऱ्हा वेगळी. एक तऱ्हा कोंबडीच्या आतड्यातले पाचकरस सोडवू शकतात, दुसरी नाही. तशीच गोष्ट मका आणि सोयापेंडीची. जाळून पाहिलं तर किलोभर मक्यातून सुमारे ३९०० किलोकॅलरी निघतात आणि सोयापेंडीतून त्याहून थोड्या जास्तच. पण अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं १९९४ चं पुस्तक उघडा, जे या क्षेत्रात अजून प्रमाण मानतात. तिथे कोंबडीसाठी मक्याचा आकडा ३३५० आहे, ४४ टक्के प्रथिनांच्या सोयापेंडीचा २२३० आणि टरफल काढलेल्या पेंडीचा २४४०. आगीला जी पेंड मक्याच्या वरचढ वाटते, ती कोंबडीच्या पोटात शिरल्यावर हजारभर कॅलरींनी खाली उतरते.

म्हणजे पहिला धडा असा, की जळण्याची ऊर्जा आणि खाण्याची ऊर्जा या दोन वस्तू आहेत. खाण्याची ऊर्जा काढायची रीत साधी आहे. पक्ष्याने खाल्लं त्यातली एकूण ऊर्जा मोजा, जे बाहेर टाकलं त्यातली मोजा, वजाबाकी करा. जे पक्ष्याच्या अंगी राहिलं, ती चयापचयी ऊर्जा. पक्ष्यांच्या बाबतीत एक सोयही आहे. त्यांची लघवी वेगळी नसते. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो, ते युरिक आम्ल, म्हणजे लघवीचाच भाग. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं. गाईम्हशींवर काम करणाऱ्यांना ही चैन नाही.

मात्र वजाबाकी करायला एक पक्षी हवा. आणि कुठला पक्षी घ्यायचा, इथे गोष्ट वळण घेते.

१९४० च्या दशकात टेक्सासमध्ये फ्रॅप्स यांनी वेगळाच मार्ग धरला होता. खाद्यातली किती ऊर्जा पिल्लाच्या अंगात मांस-चरबी होऊन साठते, ते ते मोजत. कल्पना उत्तम, पण आकडे फार हलत. मग १९५८ मध्ये कॉर्नेलच्या हिल आणि अँडरसन यांनी दाखवलं की वर सांगितलेली वजाबाकीची ऊर्जा त्याहून स्थिर, भरवशाची येते. त्यांनी पक्षी घेतले ते वाढती पिल्लं. पुढे १९७६ मध्ये कॅनडात सिबाल्ड यांनी झटपट रीत काढली. पूर्ण वाढलेला कोंबडा घ्यायचा, त्याला उपाशी ठेवायचा, मग नळीने नेमकं वजन केलेलं खाद्य थेट त्याच्या अन्नपिशवीत सोडायचं आणि ठरावीक तास पडलेली विष्ठा गोळा करायची. शेजारी दुसरा कोंबडा उपाशीच, त्याच्या अंगातून आपोआप जे पडतं ते हिशेबातून वजा करायला. खर्च कमी, वेळ कमी, शिवाय तोच कोंबडा विश्रांतीनंतर पुन्हा वापरता येतो. साहजिकच जगभर ही रीत पसरली. तक्त्यांमध्ये पिल्लांवरचे आकडे होते, कोंबड्यांवरचेही आले, आणि बऱ्याच ठिकाणी ते एकाच रकान्यात शेजारी बसले. आमच्या विद्यार्थ्याच्या हातातल्या तक्त्यात रकान्यावर एवढंच लिहिलं होतं, ‘कुक्कुट’. कुठल्या वयाचा, कोणी सांगायचं?

आता कोंबडा सोडून तीन दिवसांच्या पिल्लाकडे या.

अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं असतं. पोटात पिवळ्या बलकाची शिदोरी घेऊन येतं, काही ग्रॅमची, आणि ती पहिल्या चार-पाच दिवसांत संपवतं. ती शिदोरी जवळजवळ सगळी चरबी आणि प्रथिनं. आपण मात्र त्याच्यापुढे ठेवतो धान्य, म्हणजे मुख्यतः स्टार्च. एकवीस दिवस जे शरीर बलकावर वाढलं, त्याला आता अचानक मक्याच्या भरड्यावर संसार करायचा आहे. त्यासाठी त्याला नवं आतडं बांधावं लागतं, आणि ते बांधतंही. पहिल्या आठवड्यात आतड्याची वाढ बाकी शरीराच्या कितीतरी पुढे धावते. त्याच आठवड्यात पिल्लाचं वजन चौपट होतं. माणसाच्या बाळाला जन्माच्या वजनाची चौपट गाठायला किती वेळ लागतो, ते आयांना विचारा.

पण सगळे पाचकरस एकाच वेळी हजर होत नाहीत. स्टार्च पचवण्याची ताकद लवकर येते. चौथ्या दिवशीसुद्धा पिल्लू खाल्लेल्या स्टार्चपैकी बराच मोठा भाग पचवतं. प्रथिनांना जरा वेळ लागतो. इस्राएलमधल्या नॉय आणि स्क्लान यांनी १९९५ मध्ये मांडलं की चौथ्या दिवशी नायट्रोजनचं पचन ७८ टक्क्यांच्या आसपास असतं आणि एकविसाव्या दिवशी ते ९० च्या घरात जातं. इलिनॉयच्या बाटल आणि पार्सन्स यांनी मका-सोयाचंच खाद्य वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना दिलं. त्याच खाद्याची ऊर्जा पहिले दोन आठवडे चढत गेली आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास स्थिरावली. खाद्य तेच, पोतं तेच. बदललं ते पिल्लू.

सगळ्यात मोठी दरी आहे चरबीची, आणि आमच्या विद्यार्थ्याचा पाय तिथेच घसरला होता. चरबी पाण्यात विरघळत नाही. तिचे बारीक थेंब करायला पित्तरसातले क्षार लागतात, तोडायला लायपेज लागतं. लहान पिल्लाकडे दोन्हींचा तुटवडा. त्यातही तेल आणि घट्ट चरबी यांत फरक आहे. सोयाबीन किंवा मक्याच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं जास्त. ती थोड्या पित्तावरही पाण्याशी जमवून घेतात. बैलाच्या चरबीतली संपृक्त मेदाम्लं तशी नाहीत, त्यांना भरपूर पित्त लागतं. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचे आकडे बोलके आहेत. दोन ते सात दिवसांच्या पिल्लांनी मक्याचं तेल ८४ टक्के शोषलं, आठ ते पंधरा दिवसांत ते ९५ झालं. आणि चरबी? पहिल्या आठवड्यात ४० टक्के, दुसऱ्यात ७९. अडचण पित्ताचीच आहे याचा पुरावाही मिळाला. पिल्लांच्या खाद्यात पित्तातलं आम्ल वरून मिसळून पाहिलं, तेव्हा चरबीचं शोषण सुधारलं.

आता त्याचा हिशेब करू या. त्याने शंभर किलोत पाच किलो चरबी घातली होती. तक्त्यात चरबीला किलोमागे ८००० किलोकॅलरी होत्या असं धरा. पाच किलोच्या झाल्या ४०,०००, म्हणजे खाद्याच्या दर किलोत ४००. पिल्लाने त्यातलं निम्मंच शोषलं तर २०० गेल्या. कागदावर ३०००, पोटात २८००. शिवाय तो कोंडा वेगळाच. भारतीय मानक ब्यूरोने २००७ मध्ये ब्रॉयलरसाठी जी मानकं ठरवली, त्यांत पहिल्या टप्प्याला ३०००, मग ३१००, मग ३२०० अशी चढती भाजणी आहे. हा मुलगा प्रामाणिकपणे ३००० ला चिकटून राहिला होता. पण ते ३००० त्याच्या पिल्लांचे नव्हतेच. ते कुठल्यातरी परक्या, वर्षभर वयाच्या कोंबड्याचे होते.

कोंड्याबद्दल दोन शब्द. कोंडा, सूर्यफुलाची पेंड, गव्हाचा भुसा, या साऱ्यांत तंतू जास्त. तंतू फोडायला कोंबडीकडे स्वतःचा रस नाही. पण आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, तिथले जंतू थोडंफार काम करतात. मोठ्या कोंबडीत ही वस्ती नांदती असते, पिल्लात अजून घरं बांधायचीच आहेत. सोयापेंडीतल्या काही शर्करांचंही असंच. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला कोंडा बऱ्यापैकी मानवतो, पिल्लाला तो पोट भरण्यापलीकडे फार काही देत नाही. आणि पिल्लाचं पोट केवढं? पहिल्या सात दिवसांत ते सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम खातं. त्यात जागा अडवणारा माल कशाला?

ज्वारीचं विचारलं जातं म्हणून सांगतो. आपली पांढरी ज्वारी चांगली, मक्याच्या थोडीच मागे. लाल-तपकिरी जातींत टॅनिन असतं, ते प्रथिनांना धरून ठेवतं. आणि खरिपात पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी स्वस्त म्हणून कोंबड्यांकडे वळवतात. तिथे आधी बुरशीची काळजी करा, ऊर्जेचा प्रश्न नंतर.

आता जो भाग आम्हाला स्वतःला सगळ्यात रंजक वाटला, तो. हिल आणि अँडरसन यांच्या रीतीत एक दुरुस्ती असते, नायट्रोजनची. समजा, एकच खाद्य वाढत्या पिल्लाला आणि वाढ थांबलेल्या कोंबड्याला दिलं. पिल्लू प्रथिनं अंगात ठेवून घेतं, त्याचं मांस करतं. कोंबडा तीच प्रथिनं जाळतो आणि नायट्रोजन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतो, सोबत थोडी ऊर्जा घेऊन. म्हणजे पचन अगदी सारखं असलं तरी पिल्लाचा आकडा मोठा दिसणार. दोघांची तुलना व्हावी म्हणून ठरलं, की पिल्लाने राखलेल्या दर ग्रॅम नायट्रोजनमागे ८.२२ किलोकॅलरी कापायच्या. जणू त्याने काही राखलंच नाही.

हे ऐकल्यावर आम्ही स्नेह्यांना म्हटलं, थांबा. पिल्लू म्हणजेच वाढणारा जीव. वाढ काढून घेतलेलं पिल्लू म्हणजे काय? गणिताच्या सोयीसाठी आपण एक असा पक्षी उभा केला जो लहानही आहे आणि वाढतही नाही. असा पक्षी कुठल्याच शेडमध्ये नसतो. बरं, ही कपात सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्यात प्रथिनं जास्त, त्या सोयापेंडीवर ती जड पडते, मक्यावर हलकी. पिल्लू ज्या घटकाचा सगळ्यात चांगला उपयोग करतं, त्याच घटकाचा भाव आपण पाडतो. स्नेही हसले. म्हणाले, ‘आमच्यातही हा वाद आहे. ही दुरुस्ती ब्रॉयलरसाठी सोडून द्यावी असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत.’ आमचं मत विचाराल तर तुलनेसाठी दुरुस्ती ठेवा, पण तो आकडा पिल्लाच्या ताटात काय पडलं ते सांगतो, असं मानू नका.

न्यायदर्शनात संयोगाला द्विनिष्ठ म्हणतात. घडा जमिनीवर ठेवला तर तो संयोग एकट्या घड्यात नाही, एकट्या जमिनीतही नाही, दोघांत मिळून आहे. ‘मक्यात ३३५० ऊर्जा आहे’ हे वाक्य ‘मका पिवळा आहे’ यासारखं दिसतं, व्याकरणही तेच. पण जात वेगळी. त्यात दुसरा निष्ठ गाळलेला आहे, खाणारा. आणि खाणाऱ्याचं वय. त्या मुलाला आम्ही हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘सर, हे मी पेपरात लिहिलं होतं, शेडमध्ये सुचलं नाही.’

तक्ते करणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. नेदरलँड्सच्या तक्त्यांत ब्रॉयलर आणि अंड्यावरची कोंबडी यांना वेगळे रकाने आहेत. फ्रान्सच्या इन्राच्या तक्त्यांत कोंबडा वेगळा, ब्रॉयलर वेगळा. गोची आहे ती संगणकाची. सगळ्यात स्वस्त मिश्रण काढणाऱ्या प्रोग्रॅमला एका घटकाचा एकच आकडा दिला की तो सरळ बेरीज करतो. स्वस्त चरबीला ८००० लिहिलंत, तर तो चरबीच उचलणार. तो खोटं बोलत नाही, त्याला पिल्लू दिसत नाही इतकंच.

मग करायचं काय? स्नेह्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. पहिले दहा-बारा दिवस चरबी नको, थोडं सोयातेल चालेल. चरबी वापरायचीच तर नंतर, आणि तेलात मिसळून. मिश्रणाचं शोषण नुसत्या चरबीपेक्षा चांगलं होतं. कोंडा मोठ्या पक्ष्यांना. सोयापेंड नीट भाजलेली हवी. कच्ची राहिली तर तिच्यातले द्रव्य ट्रिप्सिनला अडवतं आणि त्याचा मार पिल्लांना जास्त बसतो. यात जास्तीचा खर्च फार नाही, कारण पहिल्या आठवड्याचं खाद्य एकूण खाद्याच्या तीन-चार टक्केच असतं. उलट बाजूही सांगायला हवी. एवढ्या थोड्या खाद्यासाठी एवढी डोकेफोड कशाला, असं म्हणणारे आहेत, आणि उशिरा पक्षी वजन भरून काढतो असंही म्हणतात. काढतो कधी कधी. पण ब्रॉयलर चाळीस-बेचाळीस दिवसांत विकायचा असतो. भरून काढायला लागलेले तीन दिवस म्हणजे तीन दिवस पूर्ण वाढलेल्या दोन हजार पक्ष्यांचं खाणं, आणि ते खाणं पिल्लाएवढं नसतं.

वेळ होत आला. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

एका ताईंनी विचारलंय, घरच्या गावरान कोंबड्यांचं काय? ताई, गावरान कोंबडी पिल्लांना घेऊन उकिरडा उकरते, किडा सापडला की आवाज देऊन त्यांना बोलावते. तिचा फॉर्म्युला आपल्याहून जुना आहे. पण आमची आजी पिल्लांना तांदळाच्या कण्या टाकायची आणि मोठ्यांना अख्खं धान्य. कारण विचारलं तर ‘त्यांना दळता येत नाही अजून’ म्हणायची. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर जो पेटा मिळतो ना, ते कोंबडीचं जातं. पिल्लाचं जातं लहान आणि लेचंपेचं असतं, ते वापराने बळकट होतं.

दुसरी चिठ्ठी, त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं? पहिल्या बॅचला त्याने पदरचे पैसे घातले. दुसऱ्या बॅचला चरबी आणि कोंडा काढून टाकला, तेल घातलं. सातव्या दिवशी पिल्लं वजनात भरली. मात्र आमच्या स्नेह्यांनी त्याला पहिल्याच दिवशी ब्रूडरची ऊब आणि पिण्याचं पाणी तपासायला सांगितलं होतं, तेव्हा त्याने त्याच बॅचला ब्रूडरही बदलला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आता श्रेय कुणाला द्यायचं? आम्ही त्याला म्हटलं, अरे, शेडच्या मधोमध जाळी लाव, दोन्हीकडे ऊब सारखी ठेव, एका बाजूला जुनं खाद्य दे आणि दुसऱ्या बाजूला नवं. तो म्हणाला, ‘जुनं खाद्य हजार पिल्लांना नाही परवडणार सर, शंभरांना देतो.’ पिल्लं येत्या सोमवारी येणार आहेत.